अडलेली ओवी

मंडळी, ऐका! घरात पोथी आहे, डोळ्यांवर चष्मा आहे, पंखा आहे. मग देवळात मांडीला मांडी लावून, घामाघूम होत, सगळ्यांनी मिळून पारायण कशाला करायचं? देव काय हजेरी घेतो? — हसू नका, काकू! तुमच्या घरात परवा हाच वाद झाला!

आंबेसरी गावात गणोजी आप्पा म्हणून गृहस्थ. वाचन असं फर्डं, की शेजारी ओवीच्या मध्यावर, तर हे पुढच्या पानावर! त्यांची बायको सरूबाई गेली. जाताना शब्द घेतला, "माझ्या वर्षश्राद्धाच्या आत एक पारायण पुरं करा हो. गडबड न करता!" नवऱ्याला ओळखून होती ना!

आप्पा देवळात पारायणाला बसले. शेजारी कोण? यमुनाक्का! उतारवयात अक्षर शिकलेली बाई. ओळीवर बोट ठेवून, एकेक शब्द लावत वाचायची. आणि गावची रीत अशी, की सगळ्यात मागचा ओवी संपवेल तेव्हाच पुढची ओवी!

पहिल्याच दिवशी आप्पा कडाडले, "अक्का, ही काय बैलगाडी आहे? तुमच्यापायी सगळ्यांचा खोळंबा!"

आप्पांनी पोथी उचलली — तडक घरी!

घरी काय, रान मोकळं! अध्यायामागून अध्याय! शेवटचा अध्याय आला... आणि त्यात एक ओवी. भरल्या घरातून एक माणूस उठून जातं, अशी. आप्पांचा गळा दाटला. पाणी प्याले. पुन्हा वाचायला गेले — पुन्हा तिथंच! दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच! वर्षश्राद्ध तोंडावर आलेलं. सरूला दिलेला शब्द एका ओवीवर अडला हो!

देवळातल्या पारायणाच्या समाप्तीच्या सकाळी आप्पा मान खाली घालून देवळात आले. जागा कुठं रिकामी? अक्कांच्या शेजारी! कुणी बसलंच नव्हतं तिथं.

ती ओवी आली. आप्पांचा आवाज अडला, डोळे वाहायला लागले. त्यांना हुंदका आवरेना! तेव्हा अक्कांनी आपलं बोट उचललं आणि आप्पांच्या पोथीवर ठेवलं.

"तुम्ही दम घ्या, आप्पा. ओवी मी धरते."

आणि ती बाई वाचायला लागली... एकेक शब्द. सगळं देऊळ तिच्या चालीवर आलं! कुणी पुढं गेलं नाही. ओवीच्या शेवटच्या शब्दाला आप्पांचा आवाज मिसळला. मंडळी, सरूबाईचं पारायण पुरं झालं!

आप्पा आता दरवर्षी अक्कांच्याच शेजारी बसतात. बोट अजून तेवढंच हळू! कुणी चिडवलं तर म्हणतात, "मला कुठं गाडी पकडायचीय?"

तर बाबांनो, घरी वाचा, जरूर वाचा! पण ओवी अडेल त्या दिवशी ती धरणारं माणूस शेजारी हवं ना? आज तुमचा गळा मोकळा आहे. शेजारी बघा, कुणाचा दाटलाय का. बघितलंत? आता त्याच्याच चालीनं, त्याला बरोबर घेऊन, देवाचं नाव घ्या!