ओशिगेबाईंची अर्धी दुमड

सन्माननीय सभाध्यक्ष तानिगावासाहेब, क्योटोच्या पंखेकार मंडळाचे वडीलधारे, सरोवरकाठच्या हिराउराहून आलेले गावप्रमुख, ज्यांच्या आंबवलेल्या माशांच्या भेटीचा दरवळ एव्हाना शेवटच्या रांगेलाही कळला आहे, समोर बसलेले कारागीर बंधुभगिनी, आणि आजच्या उत्सवमूर्ती ओशिगेबाई,

मी इसोकिची. पंख्यांवरच्या नकाशांचे लाकडी ठसे कोरतो. जन्मभर खाली मान घालून लाकूड टोकरणाऱ्याला मंडळाने भाषणाला उभं केलं, हे धाडस मंडळाचं. मला मात्र आज इतका आनंद झालाय की पाय एका जागी ठरत नाहीत. चाळीस वर्षं पंख्यांचे कागद दुमडून बाई उद्या सरोवरकाठी लेकीकडे राहायला चालल्या. त्यांच्यासमोर एक कबुली द्यायची राहिली आहे, ती आज देतो.

गोष्ट एकतीस वर्षांपूर्वीची. तेव्हा आगगाडी नव्हती. यात्रेकरू पायी जात, हातातल्या पंख्यावर वाट बघत. पुरात वाहून गेलेलं हिराउरा नुकतंच पुन्हा उभं राहत होतं आणि यात्रेकरू गावाला वळसा घालून पुढे जात होते. म्हणून गावाने यात्रेसाठी सहाशे पंखे सांगितले. अट एकच, नकाशात गाव ठळक दिसलं पाहिजे. मी कोरलं, अगदी घरांच्या छपरांसकट. खाली माझं नावही कोरलं, जरा ऐसपैसच. तरुण होतो हो!

सहाशे कागद छापून झाले. यात्रा पाच दिवसांवर. बाईंनी कागद हातात घेतला आणि विचारलं, "गाव कुठाय रे?"

"हे काय, डोळ्यांसमोर."

"डोळ्यांसमोर नाही बाबा, दुमडीवर आहे. दोन महिन्यांत कागद तिथे झिजेल. पुरातून वाचलेलं गाव तू पंख्यात बुडवलंस."

सांगा मंडळी, ही चूक कोण करील? ज्याने जन्मभर सपाट लाकडावर नकाशा पाहिला, तोच. लाकूड कुठे दुमडतं?

मी हातपाय गाळले. बाईंनी दुमडायचा साचा उचलला आणि अर्ध्या दुमडीने सरकवला. गाव दोन दुमडींच्या मधोमध, सपाट पट्टीवर आलं. मी नाचायचाच बाकी होतो, तेवढ्यात दिसलं, की दुमड आता माझ्या नावावरून चालली आहे.

"बाई, माझं नाव जाईल!"

"जाऊ दे. गावाला वाटसरू हवेत. तुझं नाव तुझ्या आईला ठाऊक आहे, तेवढं पुरे."

सभागृह हसतंय, पण मी दोन महिने त्यांच्याशी बोललो नाही. बाई रोज माझ्या दाराशी लोणच्याची वाटी ठेवून जात. मी वाटी रिकामी करून परत ठेवत असे, तोंड फिरवून. शरदात एक यात्रेकरू परतला. त्याच्या पंख्याची प्रत्येक दुमड फाटली होती. माझं नाव साफ गेलं होतं. हिराउरा मात्र जसंच्या तसं, छपरांसकट. तो म्हणाला, "तिथे तीन रात्री राहिलो, पुढच्या वर्षी भावाला नेणार." ते ऐकून मला रडू आलं. त्या दिवसापासून मी बाईंना विचारल्याशिवाय लाकडाला पटाशी लावली नाही. पण "माझं चुकलं" हे शब्द एकतीस वर्षांत तोंडातून निघाले नाहीत. बाई, माझं चुकलं.

पंख्यावर कोरणाऱ्याचं नाव असतं, दुमडणाऱ्याचं कधीच नसतं. म्हणून हा नवा ठसा. बाईंच्या लेकीच्या घरापर्यंतची वाट, सपाट पट्टीवर बाईंचं नाव, आणि दुमडीवर मुद्दाम माझं. कागद मीच दुमडला, काड्याही मीच बसवल्या. पंखा आजच सकाळी सुकला. अजून उघडलेला नाही, पहिल्यांदा आपल्यासमोर उघडतो. हा पाहा...

अरे देवा.

थांबा, बाई काहीतरी म्हणताहेत. "इसोकिची, तुझं नाव छान सपाट बसलंय. माझंच दुमडीवर गेलं."

हसा मंडळी, पोटभर हसा. पण आज आपल्यातून कोण चाललंय, हे आता माझ्या भाषणावाचून कळलं ना?

बाई हात पुढे करताहेत. "दे इकडे. उद्या सरोवरकाठी बसून नीट करते." घ्या बाई.

अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि आपणा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. दुमडण्यात झालं ते बाईंनी घातलंच आहे.