एस्नातीच्या वावरातलं ठिबक

माह्यं माहेर जऊळक्याचं अन् सासर इथलं, रिठदचं. लगन झालं तवा मी पोरगीच होती, अन् मालकही लवकरच गेले, पोट दुखते म्हनून रिसोडले दवाखान्यात नेलं ते माघारी आनलं तसेच. लेकरू-बाकरू काही नाही. वावर होतं थोडंसं, इहिरीले पानी बेताचं, तं एक संस्था बायायले ठिबकच्या नळ्या जोडाचं शिकवून राह्यली होती तिथं मी शिकली. पह्यले आपल्या वावरात जोडल्या, मंग लोकं बलवाले लागले, सुमनबाई आमच्या हयदीच्या वावरातही जोडून दे.

मंग त्या संस्थेच्या मॅडम आल्या, म्हने आफ्रिकेत मलावी नावाचा देश हाय, तिथच्या बाया नदीवरून बादल्यानं पानी आनतात, पावसाचा भरोसा राह्यला नाही, त्यायले ठिबक शिकवाचं हाय, येता का? मी म्हनलं मले त्यायची भाषा कुठं येते? त्या म्हने नळी जोडाले भाषा कायले लागते. माय तवा जित्ती होती, भावापाशी राहे, तिले इचारलं तं ती म्हने जाय, इथं तरी कोन वाट पाहून राह्यलं तुही.

काय सांगू ताई तुमाले, गेली मी. तिथं माती लाल, जिकडं पाहा तिकडं मका. पाऊस एक खेप येते अन् दडी मारते, हातभर मका उभाच वायून जाते, आपल्या सोयाबीनसारखंच. मॅडम गावोगाव फिरत, मी खोलीवर एकटी. सांजच्यानं मक्याच्या पिठाचा घट्ट गोया खाऊन भाईर बसो, बाया जाता जाता हासत, मीही हासो, पन बोलाव कोनासंगं? मंग भितीशीच बोलो आपल्या वऱ्हाडीत, नाही तं तोंड आंबून जाये.

अन् नळ्या कोनालेच नको. आंधी कोनी तरी पानी ओढाचं इंजिन आनून बसवलं होतं, ते बिघडलं तं पाहालेही कोनी आलं नाही, मंग कोन भरोसा करन? एस्नाती नावाची एक बाई तेवढी तयार झाली, म्हातारी, तिचाही मालक गेलेला. तिनं नदीकाठचं अर्धं वावर माह्या हवाली केलं. तो मका गेला असता तं त्या साली तिच्या घरी खायाले नव्हतं, हे मले मॅडमनं मागून सांगतलं, आंधी सांगतलं असतं तं मी नळीले हात लावला नसता.

इटाचा ओटा केला, त्याच्यावर ड्रम, खाली नळ्या. पन नदीचं पानी गढूय, नळीची भोकंच बुजाले लागली. पानं गुंडायून राह्यली अन् मी एकएक नळी झटको, तोंडानं फुको, रडकुंडीले आली बाप्पा. एस्नाती पाहून राह्यली होती. तिकडच्या बाया झग्यावरून एक रंगीत कापड गुंडायतात, तिनं आपलं सोडलं अन् घडी करून ड्रमच्या तोंडाले बांधलं. पानी गाळून आलं अन् थेंब सुरू झाले.

मका निसवला, कनसं दिसाले लागली, अन् तवाच भावाचा फोन आला, माय गेली. मी वावरात तशीच बसली. पोहोचाले तं कितीक दिवस लागले असते, मायले माती देतानाचं भाच्यानं फोनवर दाखवलं, तेही मधातच बंद पडलं. एस्नाती आली, हातानंच इचारलं काय झालं. तिकडं मायले अमाई म्हनतात, तेवढा शब्द मले येत होता. मी म्हनलं अमाई, अन् मातीवर हात ठेवला.

ती माह्याजवय बसली. दुपारपर्यंत गावातल्या बाया आल्या, चटया टाकल्या, त्यायच्या रीतीनं गाने म्हनाले लागल्या, अन् माह्या मायले कधी पाह्यलं नाही त्या बाया डोये पुसून राह्यल्या. दुसऱ्या दिवशी एस्नातीनं माह्यं मनगट धरून उठवलं अन् वावरात नेलं, पानी सोडाचं होतं न.

मका लय साजरा आला. मंग दुसऱ्या बाया आल्या, आमालेही शिकव. त्या शिकल्या, माह्यं काम सरलं, मी वापस आली.

अन् खरं एकटं तं मले इथंच वाटलं ताई. लोकं इचारत सिंह पाह्यला का वो, काही खाले भेटे का तिकडं? एस्नातीचं कोनाले सांगाव? सांगाले लागली का लोकायले कामं आठवत. माय असती तं तिनं आयकलं असतं.

परवा एस्नातीचा फोन आला, कोनाच्या तरी फोनवरून, तोंड दिसते तसा. तिनं नळ्या दाखवल्या, आता नदीच्या तिकडच्या बायायच्या वावरात तीच जोडून राह्यली. मंग ती तिच्या भाषेत बोलाले लागली अन् मी माह्या. गुडघे दुखतात म्हनलं, हयद बरी हाय म्हनलं, मायची लय याद येते म्हनलं. तीही कायतरी सांगे, मी हो हो म्हनो. मधात समजावून सांगाले कोनीच नव्हतं, तरी आमी बोलतच राह्यलो, लाईन तुटेपर्यंत.

तिचं पानी चालू राहो बाप्पा, अजून काय. तिले काय समजलं असन तिचं तिले मालूम. पन कोनी तरी आयकून राह्यलं होतं न वो.