लांबून दिसणारे हेडफोन

नाही नाही, ते कानात घुसणारे नकोत जब्बारभाई — जब्बारभाईच ना तुम्ही, बाहेर पाटीवर वाचलं — ते ठेवा परत डबीत. शेंगदाण्याएवढे ते, घातले काय न घातले काय, समोरच्याला कळणार कसं? मला मोठे द्या. डोक्यावरून पट्टी येते आणि दोन्ही कानांवर वाटीसारखं बसतं, ते. आणि काळे नकोत. सकाळी थंडीचं मी काळी टोपी घालतो, टोपीत मिसळून जातील. लाल असले तर लाल द्या, निळे चालतील. लांबून दिसले पाहिजेत. मेहरूण तलावाला वळण आहे बघा, जिथं बाकं आहेत — त्या वळणावरून पलीकडच्या माणसाला दिसले पाहिजेत की याच्या कानावर काहीतरी आहे, याला हाक मारून उपयोग नाही. हसताय? हसा. कोणीतरी हसायला पाहिजे.

व्यायामालाच घेतोय, तसं नाही. रोज सकाळी चार फेऱ्या. डॉक्टरनं सांगितलंय — शुगर आहे मला — चालणं सोडलं तर गोळी वाढवीन म्हणाला. त्यामुळे चालणं काही सोडता येत नाही. हां, हे गळ्यातलं काय म्हणता तुम्ही, नेकबँड? — हे तर गमछ्याखाली जाईल. नको. आणि तो मगाचा, कानात बसणारा, मी घालून बघितला होता शेजारच्या पोराचा, चाललो की आपलीच पावलं डोक्यात ढब ढब वाजतात. असं वाटतं कोणीतरी मागून येतंय. तो नकोच.

हा? हा दाखवा. वजन बरं आहे. हे पॅड काय, रेग्झीनचं का? घामानं याचं टरफल निघेल सहा महिन्यांत. एसटीच्या वर्कशॉपला चौतीस वर्षं काढली मी, रेग्झीन किती टिकतं ते मला नका सांगू, सीटा फाडून फाडून परत शिवलेल्या आहेत. कापडी आहे का कापडी? — बाहेरचा आवाज बंद करतो? त्याचे वेगळे पैसे? मग नको ते. अहो, मला आवाज बंद नाही करायचा. येऊ द्या आवाज. लोकांना वाटलं पाहिजे की बंद आहे. एवढंच काम आहे. गाणं नाही वाजलं तरी चालेल मला खरं तर, पण मग तुम्ही म्हणाल हा माणूस वेडा आहे, म्हणून म्हणतो, गाणंही वाजू द्या.

का म्हणजे काय — विचारतात लोक. आता बघा, तलावावर आमचा एक ग्रुप आहे. आहे म्हणजे, झाला आपोआप. मगनभाऊ आहेत, बँकेतून रिटायर झालेले, त्यांची मंडळी सुनंदाबाई, अजून तीन-चार जोडपी. मी राहतो पिंप्राळ्याला, शहराच्या या टोकाला, तिकडचं कोणी आमच्याकडचं नाही आणि आमच्याकडचं तिकडे कोणी जात नाही. पण आमच्या मंडळीला तलावच पाहिजे होता. कमल तिचं नाव. सकाळी सकाळी स्कूटरवर मागे बसायची, मी कुरकुर करायचो, पेट्रोल जाळून चालायला जायचं म्हणजे काय — पण जायचो. सहा वर्षं. ती बायकांबरोबर पुढे, मी मगनभाऊंबरोबर मागे. एकमेकांच्या घरी कोणी गेलेलं नाही. तलावापुरती ओळख. पण ओळख चांगली, हां.

तर मगनभाऊंचं असोद्याला शेत आहे. दर वर्षी थंडीत तिथं भरीत पार्टी असते. येत्या रविवारी आहे. सगळी जोडपी जातात. वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायची, कांद्याची पात, कळण्याची भाकरी — तुम्ही जळगावचेच, तुम्हाला काय सांगायचं. आणि भरीत दर वर्षी कमलनं करायचं. बाकीच्या बायका भाकरी करतात, पण वांग्याला हात कमलचा. देठ धरून सोलते अशी की सालाचा एक तुकडा राहत नाही. मिरच्या किती घालायच्या ते कोणाला सांगत नाही. आता सगळे माझ्यामागे लागलेत — वहिनींना धुळ्याहून बोलवा. रविवारपर्यंत बोलवा. येता फेरी बोलवा, जाता फेरी बोलवा. तलाव गोल आहे हो, जब्बारभाई, माणूस टाळला तरी परत समोरूनच येतो. चार फेऱ्यांत आठ वेळा विचारतात.

धुळ्याला आमची लेक आहे, सविता. कमल तिच्याकडे गेली ऑगस्टमध्ये, चार दिवस राहते म्हणून. तलावावर सगळ्यांना सांगून गेली.

हा निळा दाखवा. — हा बरा आहे. टोपीवरून बसतो का बघू. — आरसा आहे का? दिसतोय का मी त्यात कामात असल्यासारखा?

नाही, येणार कशी ती. वारली ती. तिथंच, सविताकडे, एकवीस ऑगस्टला. सकाळी चहा ठेवला गॅसवर आणि बसली खाली. सविता म्हणाली, आई, काय झालं, तर म्हणाली, काही नाही, चहा बघ. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. सगळं धुळ्यातच केलं. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रमही तिथंच केला. सगळे रडले — सविता, जावई, कमलची बहीण तर चक्कर येऊन पडलीच — आणि मी मंडपवाल्याशी बोलत होतो की खुर्च्या ओल्या का आणल्या. पाऊस होता. खरं सांगतो, मला काही वाटलंच नाही. अजूनही वाटत नाही. हाताला बधिर करायचं इंजेक्शन देतात ना, टाचताना दिसतं पण कळत नाही, तसं आहे. लोक म्हणतात, धीराचा आहे. धीर कसला आलाय. काही येतच नाही, तर धीर कशाला लागतो?

बसतो, स्टूल बरं आहे. पाणी नको.

तीन आठवड्यांनी जळगावला आलो. पिंप्राळ्याला सगळ्यांना माहीत, येऊन बसायचे, तोंड पाडून. म्हटलं, चालून येऊ. गेलो तलावावर. मगनभाऊ समोरून आले, झपझप, त्यांचा स्पीड माहितीय — लांबूनच ओरडले, काय भाऊ, बठ्ठं बरं शे ना? कुठे होते इतके दिवस? लेकीकडे का? म्हटलं, हो. वहिनी अजून तिकडेच? म्हटलं, हो. आता सांगा, चालता माणूस तो, निम्मा पुढे गेलेला, त्याच्या पाठीला काय सांगणार? म्हटलं, पुढच्या फेरीला सांगू. पुढच्या फेरीला तेच म्हणाले, बाळंतपण का लेकीचं? मी म्हटलं, हो. मला तर सुचलंही नसतं. त्यांनीच दिलं, मी घेतलं.

मग झालं सुरू. दिवाळीत विचारायला लागले, झाली का मोकळी? म्हटलं, झाली. काय झालं? मुलगी म्हटलं. मग बर्फी पाहिजे! — हो, वाटली ना. पिंप्राळ्याच्या दुकानातून अर्धा किलो घेतली आणि बाकावर बसून वाटली. सविताचा मुलगा आठवीत आहे, जब्बारभाई. तिला कुठली आता मुलगी. सगळ्यांनी हात मिळवला. माझ्या शुगरचं कोणाला काही नाही, मगनभाऊंनी माझ्याच तोंडात कोंबली एक. सुनंदाबाईंनी बाळासाठी कुंची शिवून दिली, हिरवी, आतून मऊ फलालीन लावलेलं. घरी कपाटात आहे. काय करू तिचं? परत देता येत नाही, कोणाला देताही येत नाही.

दुसरीकडे जा म्हणाल. गेलो होतो. दोन दिवस आमच्याच रस्त्यानं चाललो. परत तलावावर गेलो. कसं आहे — घरी ती नाही, सविताकडे नाही, तिच्या माहेरी नाही, सगळीकडे फोटोला हार आहे. साऱ्या जळगावात ती एकच जागा आहे जिथं ती अजून धुळ्याला आहे आणि नातीला तेल लावतेय. तिथं कोणी म्हणत नाही, वाईट झालं. तिथं म्हणतात, वहिनींनी आम्हाला विसरूनच टाकलं. मला ते ऐकायला — चांगलं वाटतं असं नाही म्हणत. पण जातो.

आता मगनभाऊंना वाटतंय आमचं भांडण झालंय. परवा मला बाजूला घेतलं, खांद्यावर हात ठेवला, म्हणाले, भाऊ, चार महिने बायको लेकीकडे राहते म्हणजे काहीतरी आहे. या वयात अडून बसू नये. तुम्ही जा, आणि माफी मागून घेऊन या. मी म्हटलं, बरं. काय म्हणणार? माणूस चांगला आहे हो. खोटं तर मी बोलतोय.

तर आता रविवार निघाला की झालं. चार दिवस. चार दिवस हे कानावर असले, हात वर केला, नुसतं हसलो, पुढे गेलो, की कोणी विचारणार नाही. रविवारी तब्येतीचं कारण सांगेन. पुढचं पुढे. — मला माहितीय ते, पुढच्या वर्षी परत थंडी येईल, पण पुढच्या वर्षीचे हेडफोन आज कुठे मागतोय मी तुमच्याकडे?

हो, लावून बघू की. मोबाइल? माझा हा बटणांचा, याला ते ब्लूटूथ नाही. हा घ्या. हा तिचा आहे. सविता म्हणाली राहू द्या तुमच्याकडे, गाणी ऐका. लॉक नाही त्याला. चार्ज करतो मी रोज, आणि त्याचं रिचार्जही — चालू राहावा म्हणून. का ते विचारू नका. ते काय, मिस्ड कॉल आहेत का? असतील. सुनंदाबाईंचे. बायकांनी नंबर घेतले होते एकमेकींचे. परवापासून लावतेय ती, कमलला मीच सांगते म्हणाली, नवऱ्याचं ऐकत नसेल तर माझं ऐकेल. वाजतो तसा ठेवतो मी. उशीखाली.

लावा काहीही. तिची बुद्धवंदना आहे त्यात, जुनी गाणी आहेत, ती पीठ मळताना लावायची. जे पहिलं येईल ते लावा. — हां. येतंय. — चांगलं आहे हो. ढोलकी वेगळी, पेटी वेगळी. फोनवर नुसता एक गोंगाट असायचा. टोचत नाही, घट्टही नाही. मान हलवून बघतो — पडत नाही. हे बटण कशाचं? एकदा दाबलं की थांबतं, दोनदा दाबलं की पुढचं, बरं, आणि फोन आला तर — कळलं, कळलं, मशीनवालाच आहे मी. मला कोण फोन करणार यावर. हेच द्या. डबी नको, असेच घालून जातो.

थांबा. गाणं बंद पडलं. रिंग वाजतेय. — कानातच वाजतेय हो. कोण आहे, फोन इकडे करा. — सुनंदाबाई. तोडा तो. तुमच्याकडून नाही होत? मी दाबतो, कुठलं, हे? —

हॅलो.

हॅलो — नाही, मी देवचंद. — हो, फोन माझ्याकडे आहे. — जळगावलाच. — नाही, नाही, तिला नाही देता येत. — रुसली नाही हो. कोणी नाही रुसलं. — रविवारचं — ऐका ना. सुनंदाबाई, जरा ऐका, मला एकदाच बोलू द्या. कमल वारली. — ऑगस्टमध्ये. — एकवीस तारखेला, धुळ्यालाच. — नाही. बाळ नाही. बाळ झालंच नव्हतं. — हो. बर्फी मीच आणली होती. — मला नाही माहीत का. सांगायचं राहून गेलं.

हॅलो?

जब्बारभाई, बोलत नाहीये ती. कट झाला का बघा. — चालू आहे? सेकंद पळतायत? — हां. हां, येतंय. रडतेय. — मोठ्यानं रडतेय हो ती. कमल, कमल करतेय. दोन्ही कानांत — किती स्वच्छ येतंय —

नाही, काढू नका. हात लावू नका त्याला. आवाज राहू द्या तेवढाच. तुम्ही ते दुसरं गिऱ्हाईक बघा, मी बसलोय इथं.