सायीचं पातेलं

खोटं नाही सांगत, आमच्याकडे सासू-सुनेचं भांडण एकदाच झालं, आणि तेही इंटरनेटवर.

घरी नवीनच ब्रॉडबँड आलेलं. माझी बायको वैशाली एका संकेतस्थळावर टीव्ही मालिकेच्या पुढच्या गोष्टी स्वतःच्या मनाने रचून लिहायची. त्यातल्या दुष्ट सासूला तिने आमच्या आईची सवय चिकटवली. सायीचं पातेलं फ्रिजमध्ये भाज्यांच्या मागे लपवायचं. वाचक पेटलेच! 'म्हातारीला घराबाहेर काढा!'

आणि मी अतिशहाणा, हे सगळं वैशालीसमोरच आईला मोठ्याने वाचून दाखवलं.

आई मटार सोलत होती. म्हणाली, "साय लपवते, ते बरोबर लिहिलंय. पण वैशाली, तुझ्या बाळंतपणातले डिंकाचे लाडू कोणत्या तुपाचे होते? ते का नाही लिहिलंस?"

वैशालीचा चेहरा उतरला. "चुकलं, आई. आत्ताच काढून टाकते."

"काढू नकोस. पुरतं लिही."

संध्याकाळी तिने पुढचा भाग टाकला, साय, तूप, लाडू सगळ्यासकट. आम्ही तिघंही कॉम्प्युटरसमोर प्रतिक्रियांची वाट बघत बसलो. पहिलीच आली: 'हा भाग अजिबात पटला नाही. अशी सासू कुठे असते हो?'

मला वाटलं, आता आई भडकणार. पण भडकली वैशाली. तिने दाणदाण टाइप केलं: 'नाशिक रोडला.'

तशी आई मागून घाईघाईने म्हणाली, "अगं, पत्ता नको देऊस! एवढ्या जणांना लाडू कुठून पुरवू?"