खण आधी, कुंची मागून

हं, पेटीवाले, जरा थांबा. सूर राहू द्या तिथंच.

मंडळी, मला एक सांगा. आपल्या हक्काचं आधी मागणारा माणूस लोभी म्हणायचा का? अविश्वासू म्हणायचा का? देवाच्या दारी बसलाय, खरं बोला! मागच्या ओळीतले काका मान हलवताहेत. हो म्हणताय की डुलकी लागलीय? असो! उत्तर मी देणार नाही. ते फलटणच्या एका सासूनं दिलं. ऐका!

फलटणात खटावकरांचं शिंप्याचं घर. सासू अनसूयाबाई, सून केतकी. मुलगा दूध डेअरीत कामाला. त्याचा पगार महिना संपायच्या आधीच संपतो. तुमचा कधी संपतो ते मी विचारत नाही! तर सासूबाईंच्या हातची कुंची सगळ्या तालुक्यात नावाजलेली. कुंची म्हणजे काय? ही पोरं बघा कशी बघताहेत! अरे, बारशाला बाळाला घालतात ती! डोक्यावर टोपडं, पाठीवर झूल, कडेनं गोटा. तुम्हालाही घातली होती. तुम्ही भोकाड पसरलं होतं, म्हणून आठवत नाही!

केतकी हुशार. तिनं कुंच्यांचे फोटो काढून फोनवर टाकले. खाली लिहिलं, 'बाळाचं नाव भरतकामात काढून मिळेल.' झालं! पुण्याहून, नाशिकहून, थेट नागपूरहून मागणी! आणि गंमत बघा हं — बारशाचं नाव म्हणजे गुपित! आत्यानं बाळाच्या कानात सांगेपर्यंत सख्ख्या मामालाही पत्ता नसतो. आणि ठाऊक कुणाला? फलटणच्या शिंपिणीला! कुंचीवर काढायचं ना! लोकांनी हिच्यावर एवढा विश्वास टाकला. मग हिनं नको टाकायला?

टाकला! कारण घरात सासूचा दंडक होता. "केतकी, बाळाच्या कापडाला आधी पैसे घ्यायचे नाहीत हो. अपशकुन असतो. कुंची अंगावर चढली की माणसं आपणहून देतात. मी जन्मभर असंच केलं, माझा छदाम बुडाला नाही!"

सून ऐकायची. मखमल हिची, जर हिची, पार्सलचा खर्चही हिचाच. आणि मग सुरू झालं! एक बाई म्हणाल्या, "अय्या, किती गोड! करा करा, पैसे लगेच टाकते." पार्सल पोचलं, आणि बाईंचा फोन जो बंद झाला तो झालाच. दुसऱ्या एका गृहस्थांनी पैसे पाठवल्याचा फोटो धाडला. हिनं भरवशानं कुंची पाठवली. मागनं खात्यात बघते, तर पैसे नाहीत, नुसता फोटो! अहो, बासुंदीचा फोटो बघून पोट भरतं का? तिसऱ्यांनी तर कहर केला. कुरिअरवाला दारात उभा, आणि आतनं आवाज, "नको आता, आम्ही मॉलमधनं आणली!" कुंची परत! आता ती विकायची कुणाला? वर नाव काढलंय — 'अद्वय'! फलटणात एक अद्वय शोधून दाखवा मला!

केतकीनं मेसेज केले, हातापाया पडली. उत्तर काय? दोन निळ्या खुणा! वाचलंय, पण बोलणार नाही. आपण देवापुढं गाऱ्हाणं घालतो, तोही बोलत नाही म्हणा. पण तो निदान प्रसाद तरी देतो!

शेवटी कापडवाल्यानं उधारी बंद केली. त्या संध्याकाळी केतकी म्हणाली, "आई, पुरे झालं. मशीन विकून टाकू. सोमवारी एक माणूस बघायला येतोय."

मंडळी, ते मशीन! अनसूयाबाई नवी नवरी होऊन आल्या तेव्हा सासऱ्यांनी त्यांच्या हवाली केलेलं. त्याच्यावर लेकरं वाढली, लेकीचं लग्न झालं. म्हातारीनं ती परत आलेली कुंची मांडीवर घेतली आणि सुईनं नाव उसवायला बसली. म्हणाली, निदान कापड तरी वाचेल. सगळा दोरा निघाला. मखमल उजेडात धरली, तर काय? सुईची भोकं! नाव गेलं, भोकं राहिली.

तेव्हा मात्र बाईचा बांध फुटला. "केतकी, माझ्या वेळी कधी असं झालं नाही गं! आताच माणसं अशी कशी झाली?"

सून जवळ बसली. "आई, तुमच्या वेळी गिऱ्हाईक यायचं कसं?"

"कसं म्हणजे? बाळाची आजी यायची. मशीनला हळदकुंकू वाहायची, सुपारी ठेवायची, कुंचीचा खण माझ्या हातात द्यायची."

"म्हणजे कापड त्यांचं?"

"मग? त्यांचंच! मी नुसती शिवायची."

आणि म्हातारी थांबली! तोंडाला पदर लावला. "अगं बाई! त्यांचा खण माझ्या घरात असायचा. तो टाकून जाणार कोण? माणसं कुठं भोळी होती, आगाऊ इसार माझ्याकडं होता! आणि तुला मी अर्धीच रीत शिकवली गं! पैसे घेऊ नको म्हणाले, आणि खण घे म्हणायचं राहिलंच!"

वा, अनसूयाबाई, वा! मंडळी, आपण सगळे असेच! रीत पाळतो, पण सोयीची अर्धी! उपास करतो आणि फराळाला ताट कमी पडतं!

"आता तुझं गिऱ्हाईक नागपूरला," म्हातारी म्हणाली, "ते खण कुठनं आणून देणार? तू कापडाचे पैसे आधी घे, शिलाई मागनं. अपशकुन लागला तर माझ्या माथी!"

दुसऱ्याच दिवशी फोन. दौंडचे रंगनाथशेठ! नातवाचं बारसं! केतकीनं भीत भीत सांगितलं, "काका, कापडाचे पैसे आधी द्यावे लागतील."

शेठ भडकले. "आधी? मी काय चोर वाटलो तुम्हाला?"

पोरीला वाटलं, झालं! हेही गिऱ्हाईक गेलं! तेवढ्यात सासूनं फोन ओढला. "शेठ, आपला धंदा काय?"

"मांडव घालतो लग्नाचे!"

"इसार घेता?"

"घेतो की!"

"का? लग्नाघरची माणसं चोर असतात?"

"चोर नसतात हो! पण बांबू येऊन पडले आणि लग्न मोडलं, तर माझं काय?"

"मग शेठ, आमची मखमल म्हणजे आमचे बांबू!"

आणि मग शेठ असे हसले म्हणता, फोन कानापासून लांब धरावा लागला. "पाठवतो, आजी, पाठवतो!" या खेपेला केतकीनं फोटो बघितला नाही, खातं बघितलं. पैसे आले होते! मागोमाग बाळाचं नावही आलं, खाली लिहिलेलं, 'आमच्या हिलासुद्धा सांगू नका!'

सोमवारी तो मशीनवाला माणूस आला, तर मशीन खडखडत होतं. सासू म्हणाली, "चहा घे बाबा. मशीन कामात आहे."

सगळं गोड झालं का? नाही! आधीचे बुडालेले पैसे आले नाहीत. काही गिऱ्हाइकं इसाराचं नाव काढताच पळाली. पळू द्या! जी राहिली, ती पैसे देणारी राहिली. आणि ती भोकं पडलेली कुंची? म्हातारीनं भोकांवरच एक हिरवागार पोपट काढला. साताऱ्याच्या एका आत्यानं हौसेनं नेली, आधी पैसे देऊन!

तर मंडळी, हक्काचं मागा. गोड बोलून मागा, पण मागा! त्यात पाप नाही.

पण थांबा, उठू नका! मघापासून तुम्ही सगळे केतकी होऊन ऐकताय. जरा गिऱ्हाईक होऊन ऐका. कुणाचं पार्सल दारातनं परत धाडलंत? कुणाला 'टाकते हं' म्हणालात आणि विसरलात? कुठल्या तरी गावात, कुणाच्या तरी मांडीवर, एखादं कापड उजेडात धरलेलं असेल. त्यावर भोकं तुमच्या नावाची तर नाहीत ना?

आता आरती. पण त्याआधी फोन काढा. हो, हो, कीर्तनात फोन काढा म्हणणारा बुवा तुम्ही पहिल्यांदाच बघताय! ज्याचं राहिलंय त्याला आत्ता पाठवा. तोवर पेटीवाले सूर धरतील.

अहो पेटीवाले, सूर धरा ना! खिशात काय चाचपताय?

बरं, बरं. पाठवा तुम्हीपण. देव थांबलाय.