भाकरीच्या थापेवर श्वास

माझं माहेर केमचं. टेशनाच्या पल्याड आमची वस्ती, गाडी गेली की तांब्यातलं पाणी हालायचं. चौथीपतुर शिकले, मग आईनं चुलीम्होरं बसवलं, आन काय सांगू ताई तुमाला, तितं जी भाकरी हातात आली ती आजपतुर सुटली न्हाई. लगीन होऊन सोलापुरात आले. मालक रिक्षा चालवतात, मी कडक भाकरी करून नव्या पेठेतल्या दुकानाला देते. चार माणसांत बोलायचं म्हणलं की माझा घसाच बंद होतो. सासूबाई म्हणायच्या, हिच्यापरीस हिचा तवा जास्त बोलतो.

आमची सारिका जन्मापासनं बारीक. जिना चढली की धापायची, शाळेत खेळाच्या तासाला कडंला बसायची. डॉक्टर म्हणले हृदयाच्या पडद्याला भोक हाय, जन्मापासनंचं. पायाच्या शिरेतनं छत्रीसारखं उघडणारं बारीक झाकण नेऊन बुजवू, छाती उघडायला लागायची न्हाई. आमी खूश. पण मोठ्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी दोनदा बघितली. म्हणल्या, भोक एवढंसं आन हृदयाची उजवी बाजू एवढी फुगलेली, हे जुळत न्हाई, जादा रक्त कुटनं तरी येतंय. आधी एमआरआय करू, मगच हात लावू.

त्या मशीनमधी हालायचं न्हाई, आन सांगतील तेव्हा श्वास सोडून तसंच थांबायचं. पहिल्या खेपेला कानातनं आवाज आला, श्वास सोडा, थांबा, आन पोरीनं विहिरीत उडी मारताना धरतात तसा गाल फुगवून आतच धरला, मग रडली. सगळी चित्रं हालली. मशीनवाला भाऊ म्हणला, भूल देऊन करता येतं, पण हिला ती टाळलेली बरी, घरी सराव करून आणा की.

सराव कशावर करणार? माझ्याकडं काय हाय, परात आन तवा. तिला परातीशेजारी उताणी निजवली. म्हणलं, थाप पडली की श्वास सोडायचा, थाप चाललीय तोवर थांबायचं, भाकरी तव्यावर पडली की घ्यायचा. आधी चानकी थापली, एवढीशी, लेकरांना करतो तसली. मग जराशी मोठी, मग आणखी मोठी. एकदा मी नादात थापतच राहिले, तर पोरगी लालबुंद होऊन उठली न म्हणली, आई, शेजारणीची बी भाकरी हितंच थापतीस का? सासूबाई लई हसल्या.

दुसऱ्या खेपेला मला बी आत सोडलं, पण अंगावर धातू न्हाई पायजे. मंगळसूत्र काढलं, तर सासूबाईंनी दोऱ्यात हळकुंड बांधून गळ्यात घातलं. म्हणल्या, मोकळ्या गळ्यानं जाऊ नको, ह्याला ते मशीन काय करत न्हाई. मी पोरीच्या पायाशी बसले. मशीन ठाकठाक करायला लागलं, आवाज आला, आन ती पुन्हा ताठली. बोलायला गेले तर माझा घसा बंद. मग हलक्या हातानं तिच्या तळपायावर थापायला लागले, भाकरी थापतो तशी. पोट खाली गेलं, आन थांबलं. मी हात उचलला तसा श्वास घेतला. पुन्हा आवाज, पुन्हा थाप. शेवटपतुर एकदा बी चुकली न्हाई. भाऊ बाहेर आला न म्हणला, काचेसारखी चित्रं आलीत.

त्या चित्रांत सापडलं ताई. फुप्फुसातनं शुद्ध रक्त घेऊन येणारी एक शीर हृदयाच्या डाव्या बाजूला यायला पायजे, ती उजवीकडंच जाऊन मिळाली होती. डॉक्टरीणबाई म्हणल्या, छत्री बसवली असती तर भोक बुजलं असतं, शीर तशीच राहिली असती. आता छाती उघडावी लागंल, पण दुरुस्ती पक्की हुईल. मालक फाईल उचलून उठले. छातीचं नाव काढायचं न्हाई म्हणले. सगळे माझ्याकडं बघायला लागले, आन कसं काय की, माझा घसा उघडला.

“शीर जागच्या जागी बसवा, बाई. पोरगी थांबंल. तिला थांबायला येतं.”

बसवली. औंदा शाळेच्या पळण्यात सारिका दुसरी आली, आन पहिली का न्हाई म्हणून घरी येऊन रुसली. मालक ही गोष्ट रिक्षात बसलेल्या प्रत्येकाला सांगतात. आता मी थापायला बसले की ती शेजारी बसून बडबडते, मधी थांबत न्हाई, थाप चालू असली तरी बोलतीच. मी म्हणते बोल बाई, बोल. सगळ्यांच्या लेकरांना असाच घर भरून श्वास मिळू दे.