नऊचं बोलावणं

बुएनोस आयरेसमधली परदेशी विद्यार्थ्यांच्या परवान्याची रांग. माझ्या पुढे दोघं होते, इथे तीन वर्षं मुरलेला एदिसन आणि महिन्यापूर्वी बोलिव्हियाहून आलेली ग्लाडिस.

“मग, त्या वर्गातल्या मुलीच्या वाढदिवसाला गेलीस?”

“गेले की! महिनाभरातलं पहिलंच बोलावणं. नऊला या म्हणाली, नऊला बेल वाजवली.”

“अरे देवा! इथे नऊ म्हटलं की साडेदहाला जायचं असतं.”

“हे आत्ता सांगतोयस? तिच्या आईनं दार उघडलं ते डोक्याला टॉवेल गुंडाळून.”

“मग? आल्या पावली परत?”

“छे! म्हटलं, काकू, तुम्ही केस वाळवा, मला फक्त कांदे कुठे आहेत ते सांगा. सारण केलं, चाळीस एम्पानादांना मुरड घातली.”

“धन्य आहेस! आणि बाकीचे?”

“आले अकराच्या सुमाराला. तोवर त्यांचा कुत्रासुद्धा माझ्या पायाशी झोपला होता.”

“निभावलंस म्हणायचं. पण पुढच्या वेळी लक्षात ठेव, साडेदहा.”

“मुळीच नाही. शनिवारी तिच्या भावाचा वाढदिवस आहे. निघताना काकूंनी बजावलंय, ‘साडेदहाला पाहुणे येतात. तू आपली नऊलाच ये.’”